बटणांच्या दुकानाचा कोपरा

मोल्देरा, राखेचा बुधवार

प्रिय नोएलिया,

अक्षर माझं आहे हे बघून लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. बसचे धक्के खात थामोऱ्याला जाऊन पत्र देणार आहे, एवढी किंमत तरी ठेव.

महिला केंद्रातल्या त्या माइतेबाईंना परवा भेटले. त्या म्हणाल्या, "पत्र देऊन जा आजी, आम्ही पोचवू. कुठे, ते मात्र विचारायचं नाही." मी म्हटलं, "बाई, मी सासू आहे, पोस्टमन नाही. मला पत्त्याचं काय लोणचं घालायचंय?" बाई हसल्या नाहीत. तिथे कुणी हसत नाही बहुतेक.

तुझ्या-माझ्यात जे आहे ते असू दे. तू मला न सांगता निघून गेलीस, कोर्टात माझ्याकडे नजर वर करून पाहिलंसुद्धा नाहीस. मी अजून रागावलेली आहे. पण वेगाला पाहिल्याला आता दोन ईस्टर झाले, आणि नातीचा दुरावा रागापेक्षा जड होतो, हे मला या वयात कळलं.

तर सांगायचं ते हे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तिला थामोऱ्याच्या मौनाच्या मिरवणुकीला आण. आपल्या नेहमीच्या कोपऱ्यावर, बटणांच्या दुकानाच्या पायरीवर. दुकानाची मालकीण अजून ती पायरी आपल्यासाठी रिकामी ठेवते. तुझ्या सासऱ्यांच्या आजीपासून आपल्या घरातले तिथे उभे राहतायत, दुसरं कोण राहणार. वेगा हात पुढे करून मिरवणुकीतले देतात त्या बदामांची वाट बघायची, आठवतं? तोंड झाकणारा उंच टोप घातलेल्या एकेका माणसाच्या हाताकडे बघून ओळखायची: हे आजोबा, हा शेजारचा आब्दोन. आजोबा गेल्यावरही म्हणाली होती, आजी, आता मला कोण देणार. मी म्हटलं होतं, अख्खं शहर देईल.

गास्पारची काळजी नको. माझा लेक फ्रान्समध्ये पवनचक्क्या उभारतोय. मला फोनसुद्धा करत नाही. आणि तुमच्या जवळ यायचं नाही असा कोर्टाचा हुकूम आहेच की.

मिरवणूक बघा, वाटलं तर दोन दिवस गावी राहा. गडग्यापलीकडच्या ओकच्या झाडांना नवी पालवी फुटायला लागलीय, आणि मोरिता गाढवीण अजून जिवंत आहे. केस तेवढे आणखी वाढलेत. वेगा बसली की मान खाली घालते ती, मला मात्र लाथ मारते.

तुझी सासू (कोर्टानं हे नातं मोडलंय का, माइतेबाईंना विचारायचं राहिलं),
ओब्दुलिया


मोल्देरा, सेंट जोसेफचा दिवस

नोएलिया,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण मी कासिल्दाला दोनदा वाचून दाखवल्या. शेजारीण आहे, आनंद कुणाला तरी सांगायला नको? "बुधवारी येऊ, कोपऱ्यावर उभ्या राहू, मिरवणूक संपली की निघू. गावी येणार नाही." ठीक आहे. तेवढं तर तेवढं. मोरिताला मी समजावीन.

कालपासून भट्टी लावलीय. वेगाची आवडती, तेलातली बडीशेपेची बिस्किटं. तुम्ही गेल्यापासून केली नव्हती. हात विसरला असेल असं वाटलं होतं, पण हाताला आपल्यापेक्षा जास्त आठवतं. मोठा पत्र्याचा डबा गच्च भरला. तो घेऊनच येईन.

हो, गास्पारचा फोन आला होता. तुला कळावं म्हणून सांगते, दुसरं काही नाही. "आई, झगा इस्त्री करून ठेव," म्हणाला. मी विचारलं, "कशाला? तू कुठे येणार आहेस?" तर म्हणाला, "असंच. दर वर्षी करतेस ना?" करते हे खरं. मिरवणुकीचा पांढरा झगा आणि लाल टोप, कपाटात तसाच ठेवला तर कसर लागते. यायला त्याला रजा मिळत नाही, असं म्हणाला. तेव्हा तू निश्चिंत ये. तो येणार नाही. फ्रान्स काय जवळ आहे? तो येत नाही.

ओब्दुलिया


मोल्देरा, झावळ्यांच्या रविवारनंतरचा सोमवार

नोएलिया, येऊ नकोस.

हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. गास्पार आलाय. काल, मी चर्चमधून झावळी घेऊन परतले तर गाडी दारात. मी हे कासिल्दाच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय, ती खिडकीपाशी उभी राहून रस्ता बघतेय.

रजेचं तो काहीच बोलला नव्हता. ते मी मागच्या पत्रात माझ्या मनचं लिहिलं. तू यावीस म्हणून.

तो शांत आहे. मला त्याचीच भीती वाटते. ओरडला असता तर मी त्याच्या दुप्पट ओरडले असते, ती विद्या मला येते. आल्या आल्या मला जवळ घेतलं, गोठ्याच्या दाराची बिजागरी बसवून दिली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडून बघत राहिला.

"डबा भरलाय," म्हणाला.

"ईस्टर आहे," मी म्हटलं.

"ईस्टर गेल्या वर्षीही होता."

"फादरसाठी केलीत."

"फादरला मधुमेह आहे, आई."

एक बिस्किट काढलं, वास घेतला, खाल्लं नाही, परत जागेवर ठेवलं. झाकण नीट दाबून बसवलं. म्हणाला, "बडीशेप जास्त घातलीस. तिला तशीच आवडतात." मी भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी घासत होते. हातातला पेला निसटून फुटला, तर त्यानंच काचा गोळा केल्या, माझ्या पायाला लागू नये म्हणून.

कासिल्दानं सांगितलं असेल असं वाटून मी तिच्याशी आज सकाळी भांडले. ती बिचारी रडली. नंतर डोक्यात प्रकाश पडला. त्याला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. बिस्किटांवरून तुम्ही येणार हे कळलं, आणि येणार म्हणजे कुठे उभ्या राहणार हे तर त्याला जन्मापासून माहीत आहे. ज्याला त्याला आपली पायरी, आपला कोपरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मीच भट्टी लावली आणि मीच पायरी सांगितली.

त्यानं पाकातल्या बदामांची मोठी पिशवी आणलीय. टेबलावर ठेवलीय. मी विचारलं, "एवढे कुणाला?" तर म्हणाला, "मुलांना. दर वर्षी देतातच ना."

नोएलिया, टोप घातल्यावर तो कुठला हे मलाही कळणार नाही. तो पोरीच्या समोर येऊन उभा राहील, तिच्या हातात बदाम ठेवील, आणि तिथे कुणी एक शब्द बोलणार नाही. मी रात्रभर हेच बघतेय, डोळे मिटले तरी आणि उघडले तरी.

येऊ नकोस.

ओ.


थामोरा, मंगळवार

केंद्राच्या दाराला पाटी आहे: सणानिमित्त बंद, पुढच्या सोमवारी उघडेल. तातडीसाठी एक नंबर दिलाय. दोनदा लावला. एका मुलीनं नाव विचारलं, तुझं आडनाव विचारलं, म्हणाली, "निरोप देते, पण अशा बायकांचे नंबर मला दिसत नाहीत." कुणाला दिसतात, ते तिलाही माहीत नव्हतं. हे पत्र आणि कालचं, दोन्ही दाराखालून सरकवतेय. पायरीवर बसून लिहितेय. तुला मिळणार नाहीत हे मला कळतंय, तरी लिहितेय.

तू विचारशील, पोलिसांकडे का नाही गेलात. गावातली चौकी बेकरीला लागून आहे. सकाळी गेले होते. पाव घेतला आणि परत आले. काय सांगणार होते? माझा मुलगा माझ्या घरी आलाय, त्यानं बदाम आणलेत? आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नाही. त्याच्या बारशाला त्याचं नाव मी ठेवलं. ते नाव पोलिसाच्या तोंडी घालायला जीभ उचलत नाही.

एक केलंय. झगा इस्त्री करायला घेतला आणि टबात बुडवला. चांगला पाण्याखाली दाबून धरला. जाड लोकरीचा, उद्यापर्यंत वाळायचा नाही. त्यानं पाहिलं. रागावला नाही. पिळला, चुलीसमोर खुर्चीवर पसरला, आणि बाजूला बसून राहिला. अधूनमधून बाही उलटी करत होता. म्हणाला, "तुझं वय झालं आई. हातातून वस्तू सुटायला लागल्या." 

उद्या मी स्वतः कोपऱ्यावर उभी राहीन. तुम्ही आलात की तिथूनच परत पाठवीन. एवढं तर मला जमेल.


मोल्देरा, गुरुवार

नोएलिया,

काय झालं ते अर्धंच तू पाहिलंस. पाठ फिरवून पळालीस, शहाणी आहेस. उरलेलं मी सांगते.

मी बसनं लवकर जाणार होते. तो म्हणाला, "बस कशाला, मी नेतो." गाडीत बसवलं, पट्टा स्वतः लावला. शहरात उतरल्यावर माझा हात काखेत धरला, अगदी चर्चच्या चौकापर्यंत. लोक म्हणत होते, ओब्दुलिया, मुलगा आला वाटतं, नशीबवान आहेस. मी मान हलवत होते. चौकात त्यानं मला आब्दोनच्या बायकोच्या हवाली केलं. "आईच्या गुडघ्यानं त्रास दिलाय, गर्दीत जाऊ देऊ नका." टोप डोक्यावर घेतला, पडदा तोंडावर सोडला, आणि त्या शेकडो लाल टोपांत मिसळून गेला. मी ज्याला दूध पाजलं तो माझ्या डोळ्यांसमोर नाहीसा झाला.

मग सगळ्यांनी गुडघे टेकून मौनाची शपथ घेतली. तुला ते ठाऊक आहे. एवढं शहर, आणि मेणबत्तीची वात तडतडली तरी ऐकू येते. त्या संध्याकाळी मी आयुष्यात कधी खोकलेसुद्धा नाही.

आब्दोनच्या बायकोनं डोळे मिटले तशी मी निसटले. मागच्या गल्लीनं, भिंत धरून. गुडघा खरंच दुखत होता, त्यानं तेवढं खोटं सांगितलं नव्हतं. गल्ली संपली आणि मी रस्त्यावर आले ती चुकीच्या बाजूला. समोर बटणांचं दुकान, पायरीवर तुम्ही दोघी, आणि मध्ये मिरवणूक. मिरवणूक आडवी ओलांडत नाहीत. लहानपणी आमची आई म्हणायची, त्यापेक्षा नदीत उडी घे.

वेगा केवढी उंच झाली. पांढरा कोट घेतलास तो छान आहे. केस कापायला नको होते. तिनं हात पुढे केला होता, तसाच, तळवा वर.

टोप येत होते, जात होते. एक थांबला, तिच्या हातात बदाम ठेवले, पुढे गेला. तो नव्हता. दुसरा थांबला. तो वाकला, आणि मला वाटलं आता. तो नव्हता. प्रत्येकाचा झगा पांढरा, प्रत्येकाचे बूट काळे. मी त्याची चाल शोधत होते, खांदे शोधत होते. पोटचा मुलगा, आणि मला ओळखता येईना. एवढी भीती मला तुझे सासरे सातुर गेले तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इथे ते एकेक पाऊल टाकत येत होतं.

मग मी ओरडले. ते तू ऐकलंस. "नोएलिया, पोरीला घेऊन जा." आवाज कुठून आला माहीत नाही, भिंतींवरून परत माझ्याच कानात आला. सगळ्या रस्त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या माना मी जन्मभर विसरणार नाही. लग्नात, बारशात, अंत्यविधीला याच माना मला नमस्कार करत आल्या.

टोप मात्र एकही हलला नाही. शपथ घेतलेली, ते पुढेच बघत राहिले. एक सोडून. एक टोप वळला, आणि तो माझ्याकडे नाही वळला. दुकानाच्या पायरीकडे वळला.

तेव्हा मी ओलांडलं.

तू वेगाला उचललंस, दुकानाचं दार उघडलं, मालकिणीनं तुम्हाला आत ओढलं, एवढं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो ओळ सोडून पायरीकडे निघाला होता. मी त्याची बाही धरली. शिवणीपाशी ती अजून ओली होती. तेवढ्यानं राहिलेली शंकाही गेली. त्यानं हात झटकला, मी सोडला नाही, आणि दुसऱ्या हातानं त्याचा टोप ओढून काढला. भर रस्त्यात, सगळ्या थामोऱ्यासमोर. आपल्याकडे मेलेल्याचाही टोप असा काढत नाहीत.

घामानं केस कपाळाला चिकटले होते. लहानपणी ताप आल्यावर व्हायचे तसे. हळू आवाजात म्हणाला, "आई, काय केलंस हे?"

पोलीस आला. तरुण होता, त्यालाही बोलावं की नाही कळेना, शेवटी कुजबुजत विचारलं, "आजी, हा कोण?" मी मोठ्यानं सांगितलं. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. म्हटलं, "माझा मुलगा आहे. त्याच्यावर कोर्टाचा हुकूम आहे, बायकोच्या आणि मुलीच्या जवळ जायचं नाही, आणि त्या दोघी त्या दुकानात आहेत." जीभ उचलत नव्हती म्हटलं होतं ना? उचलली.

त्याची झडती घेतली. झग्यात फक्त बदाम होते. सगळे रस्त्यावर सांडले, मागून येणाऱ्यांच्या पायाखाली कुरकुर वाजत होते. हे तुला सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे. फक्त बदाम होते. पण हे वाचून तुझं मन पातळ होऊ देऊ नकोस. माझं झालं होतं, त्याच रस्त्यावर, त्याच क्षणी. मग मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पोलिसांनी घेऊन जाईपर्यंत दुकानाचं दार बघत होता.

आब्दोननं निरोप पाठवलाय, की मिरवणूक काढणाऱ्या बंधुमंडळाची बैठक होईल, आणि आपल्या घराची ओळीतली जागा बहुतेक जाईल. जाऊ दे. बायका पावाच्या रांगेत माझ्याशी बोलत नाहीत. कासिल्दा तेवढी आली, सूप घेऊन. म्हणाली, "तुझा आवाज चांगला आहे गं, वाया घालवलास इतकी वर्षं."

वेगाला सांग, आजी तिच्यावर ओरडली नव्हती.

ओब्दुलिया


मोल्देरा, ईस्टर रविवार

नोएलिया,

गोठ्यात बसून लिहितेय. मोरिता कागद खायला बघतेय.

न्यायाधीशानं त्याला पुढची तारीख देऊन काल सोडलं. तो इथेच आला. दुसरीकडे कुठे जाणार. मी सकाळी रिवाजाप्रमाणे अंडी तळली, प्रत्येकी दोन, हॅमचे काप घालून. दोघं समोरासमोर बसून जेवलो. आवाज फक्त काट्यांचा. त्यानं मला हात लावलेला नाही, शिवी दिलेली नाही. ताट उचलून धुतलं. मग माझ्या मागे येऊन उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, त्यांना पत्रं कुठे पाठवतेस?"

मी म्हटलं, "महिला केंद्रात."

"आणि तिथून पुढे?"

"मला ठाऊक नाही."

"विचार ना त्यांना. तुला सांगतील. तू आजी आहेस."

हात खांद्यावरच होता. जड नव्हता. मी मान हलवली. हो म्हणाले, नोएलिया. तुझी सासू, जिनं बुधवारी अख्ख्या शहराची शपथ मोडली, ती आज स्वतःच्या स्वयंपाकघरात हो म्हणाली. भीती अशी असते. एकदा मोडली म्हणून जात नाही, दुसऱ्या दिवशी परत येऊन टेबलाशी बसते.

म्हणून आज, तो गाडीचं चाक बदलतोय आणि पाना वाजल्याचा आवाज मला इथे ऐकू येतोय, तोवर एवढं लिहून ठेवते. तू कुठे आहेस ते मला माहीत नाही, हे देवाचे उपकार आहेत. ते तसंच राहू दे. मला पत्ता कळवू नकोस. गावाचं नाव नको, शाळेचं नको, खिडकीतून काय दिसतं तेसुद्धा नको. वेगाचा फोटो पाठवशील तर पाठीमागे नुसती भिंत असू दे.

आणि पुढे कधी माझं पत्र आलं, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीचं, की मी आजारी आहे, मरायला टेकलेय, एकदा तरी पत्ता कळव, तर कळवू नकोस. कितीही रडून लिहिलेलं असलं तरी नको. लिहिताना माझ्या पाठीशी कोण उभं आहे, ते तुला तिथून दिसणार नाही.

बिस्किटांचा डबा आणि ही पत्रं कासिल्दा उद्या, केंद्र उघडलं की, माइतेबाईंकडे पोचवील. बडीशेप जास्तच घातलीय.

पाना वाजायचा थांबला. ठेवते.

ओब्दुलिया